डॉनच्या हिशेबात नसलेला शिपाई

‘गॉडफादर’ हा अमेरिकन चित्रपट १९७२ साली पडद्यावर आला. २०२२ मध्ये त्याची पन्नाशी भरली, तेव्हा तो पुन्हा चित्रपटगृहांत लावण्यात आला आणि त्याच्या थोरवीची जुनी स्तोत्रे नव्याने गाइली गेली. स्तोत्रे गाणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक पंथ भाबड्यांचा. त्यांना या कथेत कुटुंबप्रेम, निष्ठा, दिल्या शब्दाची चाड, खाल्ल्या मिठाला जागणे असे सद्गुण दिसतात. दुसरा पंथ शहाण्यांचा, आणि त्यात स्वतःला डावे म्हणविणारेही पुष्कळ. त्यांच्या मते हा गुन्हेगारीचा गौरव नव्हेच. हे अमेरिकन भांडवलशाहीचे रूपक आहे. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलानेच तसे सांगून ठेवल्यामुळे या पंथाला ग्रंथप्रामाण्याचीही जोड मिळाली आहे. पहिल्या पंथाशी वाद घालून फारसे निष्पन्न होणार नाही. दुसऱ्याशी मात्र घातलाच पाहिजे. भांडवलशाहीचे रूपक म्हणून ज्याचा डांगोरा पिटला जातो, त्या तीन तासांच्या चित्रात मजूर कोठे आहे, हा साधा प्रश्न या शहाण्यांनी कधी विचारलेला नाही.

मजूर आहे. त्याचे नाव लुका ब्रासी.

लुकाची ओळख होते ती डॉन व्हिटो कोर्लिओनेच्या मुलीच्या लग्नात. साल १९४५. अंगणात वाजंत्री आणि नाच; आत अंधाऱ्या खोलीत डॉनसाहेब एकेका अर्जदाराचे गाऱ्हाणे ऐकत बसलेले. बाहेर एका खुर्चीवर एक आडदांड गडी एकटाच बसून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतो आहे. तो पाठांतर करतो आहे. मालकाच्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण मिळाले, त्याबद्दल आभार मानायची चार वाक्ये! आपल्याला बोलावणे येईल अशी त्याची अपेक्षाच नव्हती, असे डॉनचा सल्लागार टॉम हेगन सांगतो. खोलीत गेल्यावर ती चार वाक्येही त्याच्या तोंडून धड निघत नाहीत आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. लेनी माँटाना नावाच्या माजी कुस्तीगीराने ही भूमिका केली. मार्लन ब्रँडोसमोर उभे राहताच त्याची जीभ अडखळली, दिग्दर्शकाने ती त्रेधा तशीच ठेवली आणि पाठांतराचा प्रसंग मागाहून जोडला, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. परंतु हसण्यापूर्वी एक गोष्ट पाहावयास हवी. लुका नुसते आभार मानून थांबत नाही. तो वधूसाठी पैशांचे पाकीट काढून देतो. सारी हयात ज्याने मालकाच्या एका शब्दाखातर माणसे मारली, त्याला मालकाच्या घरच्या कार्याला बोलावणे येईल की नाही याची खात्री नाही. आणि आले, तर कृतज्ञतेने कापत तोच मालकाला पैसे देतो.

यालाच चित्रपट ‘कुटुंब’ म्हणतो. मराठी वाचकाला हे कुटुंब अपरिचित वाटू नये. वर्षानुवर्षे राबणाऱ्या गड्याने पगाराचा विषय काढला की वाड्यातून येणारे उत्तर ठरलेले असे: ‘अरे, तू काय परका आहेस? तू तर घरचाच!’ घरच्या माणसाला पगार नसतो आणि वाड्यात हिस्साही नसतो.

लुकाचे पूर्वचरित्र चित्रपटाने जवळजवळ गाळून टाकले आहे. एका गायकाला करारातून मोकळे करावे म्हणून डॉनने बँडच्या चालकाची भेट घेतली, तेव्हा त्या चालकाच्या डोक्याला पिस्तूल लावून उभा होता तो लुका, एवढेच कळते. आणि तेही गमतीच्या सुरात सांगितले जाते. मारिओ पुझोच्या १९६९ च्या मूळ कादंबरीत मात्र सिसिलीतील एका म्हाताऱ्या सुइणीच्या तोंडी लुकाची खरी कहाणी येते. आपल्याच नवजात अर्भकाला भट्टीत टाकावयास त्याने तिला भाग पाडले होते. त्या कृत्यातून त्याला डॉनने सोडविले आणि तेव्हापासून तो डॉनचा झाला. ज्या निष्ठेवर भाबडा पंथ फिदा आहे, तिचे मूळ हे असे आहे. ज्याला जगात दुसरीकडे कोठेही उभे राहावयास जागा उरलेली नाही, असा माणूस डॉनने हेरला आणि विकत घेतला. पडद्यावर हे आले असते, तर लग्नातला तो हशा पिकला नसता.

आता त्याच्या मरणाकडे वळू. सोलोत्सो नावाचा अफूबाज आणि तातालियांची टोळी यांचा डाव काय आहे हे डॉनला जाणून घ्यावयाचे असते. तो लुकाला सांगतो, त्यांच्याकडे जा आणि आपल्यावर नाराज असल्याचे सोंग कर. लुका एका खोलीत एकटाच कपडे करतो. सदऱ्याखाली गोळी अडविणारे चिलखत चढवितो. दारूच्या गुत्त्यात बोलणे सुरू असतानाच त्याच्या हाताच्या पंजातून सुरी आरपार घालून तो लाकडाला खिळला जातो आणि मागून गळ्याला फास पडतो. चिलखताचा उपयोग होत नाही. गोळी कोणी झाडलेलीच नसते. पुढे त्याच चिलखतात गुंडाळलेले मासे कोर्लिओनेंच्या घरी येतात. हा सिसिलीचा निरोप आहे, लुका आता समुद्राच्या तळाशी माशांच्या सोबतीला झोपला, असा खुलासा होतो. त्या एका वाक्याचा पुढे जगभर विनोद झाला.

येथे थांबून पुढचा एक प्रसंग ताडून पाहावा. टोळीयुद्ध संपविण्यासाठी पाच घराण्यांची बैठक भरते. वृद्ध डॉन उठून हिशेब मांडतो: तातालियाचा मुलगा गेला, माझाही मुलगा गेला, आता फिटंफाट झाली. सारे डॉन माना डोलवितात, दोघे यजमान एकमेकांना मिठी मारतात. त्या हिशेबात लुका ब्रासी जमेलाही नाही आणि खर्चालाही नाही. त्याच्यासाठी कोणी काळे कपडे घातले नाहीत, कोणी मेणबत्ती लावली नाही. मालकाचा मुलगा हा मृत्यू ठरतो. शिपायाचा मृत्यू ही धंद्यातली घट ठरते. कोपोलाला हे दाखवावयाचे होते, असा बचाव शहाणा पंथ करील. मग ते कोणाला दिसले कसे नाही? पन्नास वर्षांच्या त्या ढीगभर कौतुकात लुकाच्या वाट्याला आले ते त्याचे अडखळणे आणि मासे.

प्रत्यक्षातला शिपाई कसा असतो हे अमेरिकेला १९६३ मध्येच समजले होते. जोसेफ व्हलाची हा न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये वाढलेला, टोळीतल्या सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस. त्या पायरीला तिकडे ‘सोल्जर’ म्हणतात. आपल्याकडील ‘शिपाई’ हा शब्द, त्याच्या लष्करी आणि कचेरीतल्या अशा दोन्ही अर्थांनी, तिला चपखल बसतो. सिनेटर मक्लेलन यांच्या समितीपुढे व्हलाचीने या राज्यातली उतरंड उघड केली: वर बॉस, त्याखाली कप्तान, तळाला शिपाई. शिपायाला पगार नाही. आपापले धंदे करून त्यातला वाटा वर पोचवावयाचा. त्या बदल्यात त्याला मिळते ते फक्त नाव आणि पाठीवर हात. व्हलाचीच्या पाठीवरचा हात तुरुंगात निघाला. आपला बॉस व्हिटो जेनोव्हेझे याने आपल्या मरणाचा हुकूम सोडला आहे अशी त्याची खात्री झाली. त्या भीतीपोटी १९६२ साली अटलांटाच्या तुरुंगात त्याने भलत्याच कैद्याला आपला मारेकरी समजून लोखंडी नळीने ठार केले. मग तो बोलला, आणि १९७१ साली तुरुंगातच मेला. त्याने सांगितलेली उतरंड पुझोने कादंबरीत घेतली. त्याची भीती मात्र घेतली नाही.

तरीही हा मुद्दा शिपायाच्या दुर्दैवापाशी संपत नाही. तसा संपविला, तर खुन्याविषयी हळहळ एवढेच हाती उरेल. खरा प्रश्न असा की, हा शिपाई पाळला जातो तो कोणाविरुद्ध वापरण्यासाठी?

चित्रपटात गुंड गुंडांना मारतात. मधून एखादा लाचखाऊ पोलीस कप्तान आणि शर्यतीचा एक घोडा. कामगार संघटनांचा उल्लेख येतो, तो ओझरता. हॉलिवूडच्या निर्मात्याला हेगन सुचवितो की, तुमच्याकडे युनियनची कटकट होणार आहे, आमचे यजमान ती नाहीशी करू शकतील. पुढे हाच हेगन डॉनला समजावतो की, आज आपल्या हाती युनियन आहेत, जुगार आहे, हेच उत्तम धंदे; पण उद्याचा पैसा अफूत आहे. युनियन ‘हाती’ आहेत! म्हणजे जुगाराच्या अड्ड्यासारखीच ती एक मालमत्ता. कामगारांनी पै पै वर्गणी जमवून उभी केलेली संघटना एखाद्या डॉनच्या मालमत्तेत कशी जमा होते, हे मात्र रूपक म्हणविणाऱ्या या चित्रपटाने क्षणभरही दाखविलेले नाही.

ते कसे घडते याचे उत्तर त्याच न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या गोदीत, कथेतल्या लुकाच्या मरणापूर्वी सहा वर्षे लिहिले गेले होते. पीट पँटो हा इटालियन वंशाचा तरुण गोदी कामगार. त्या काळी गोदीवर सकाळी कामगारांना कोंडाळे करून उभे करीत आणि मुकादम मर्जीतली माणसे निवडी. काम मिळावे म्हणून मजुरीतला काही भाग त्याला परत द्यावा लागे. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर घेत असे, त्या दस्तुरीचाच हा सख्खा भाऊ. ही वसुली आणि युनियनवरचा टोळीचा ताबा यांविरुद्ध पँटोने शेकडो कामगारांच्या सभा भरविल्या. १४ जुलै १९३९ रोजी तो घरातून बाहेर पडला आणि परतला नाही. ‘पँटो कोठे आहे?’ असा प्रश्न गोदीच्या भिंतींवर कामगारांनी खडूने लिहून ठेवला. १९४१ च्या जानेवारीत न्यू जर्सीत चुन्याच्या खड्ड्यात त्याचे प्रेत सापडले. त्याचाही गळाच आवळला होता. टोळीनायक आल्बर्ट अनास्तासियाविरुद्ध साक्ष देऊ शकणारा एब रेलिस हा माफीचा साक्षीदार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पोलिसांचा पहारा असताना, कोनी आयलंडच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून मेला. पँटोच्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. त्याचा गळा आवळणारा हात कोणत्या तरी लुकाचाच होता. जगाला कथेतला लुका ठाऊक आहे. पँटो ठाऊक नाही.

आणि आता खुद्द कोर्लिओने. व्हिटोला त्याचे आडनाव ज्या गावावरून मिळाले, ते हे सिसिलीतील गाव. चित्रपटाच्या दुसऱ्या भागात पोरका व्हिटो १९०१ साली तेथून पळतो. पडद्यावर दिसते ते उजाड, मुके, फक्त सूड आणि दहशत जाणणारे गाव. वस्तुस्थिती अशी की, १८९३ च्या जुलैमध्ये, म्हणजे व्हिटोच्या पलायनापूर्वी आठ वर्षे, सिसिलीच्या शेतकऱ्यांची परिषद याच गावात भरली होती. जमीनदार पालेर्मोत राहणार, जमीन मक्तेदाराला देणार, मक्तेदार ती तुकड्यांनी कुळांना देणार आणि हत्यारबंद रखवालदारांच्या जोरावर धान्य ओढून नेणार, अशी तेथली व्यवस्था होती. या मक्तेदार-रखवालदारांतूनच माफियाचा मोठा भाग घडला. कोर्लिओनेच्या परिषदेने वाटेकऱ्यांसाठी लेखी करार तयार केला आणि तो मान्य होईपर्यंत संप पुकारला. इटलीच्या ग्रामीण भागातील हा पहिला सामुदायिक करार मानला जातो. त्याचा पुढारी बेर्नार्दिनो वेर्रो हा समाजवादी.

वेर्रोला देवत्व देण्याचे कारण नाही. चळवळीला संरक्षण मिळेल या आशेने तो सुरुवातीला गावातल्या माफियाच्या गुप्त मंडळीत सामील झाला होता. ही घोडचूक होती, आणि ती त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवली. १८९४ च्या जानेवारीत पंतप्रधान फ्रांचेस्को क्रिस्पी याने लष्करी कायदा पुकारून चळवळ चिरडली; वेर्रो तुरुंगात गेला, १८९६ मध्ये माफीने सुटला, माफियाशी उघड उभा ठाकला आणि १९१४ साली कोर्लिओनेचा महापौर निवडून आला. ३ नोव्हेंबर १९१५ रोजी भर रस्त्यात गोळ्या घालून त्याचा खून झाला. आरोपी सुटले.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा पडीक जमिनी सहकारी संस्थांना कसावयास देण्याचा कायदा झाला होता. तो अंमलात आणण्यासाठी शेतकरी लाल निशाण घेऊन इस्टेटींत शिरू लागले. १९४७ च्या एप्रिलमध्ये सिसिलीच्या प्रादेशिक निवडणुकीत समाजवादी-कम्युनिस्ट आघाडी सर्वांत पुढे राहिली आणि लगेच १ मे रोजी पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा येथे मे दिनासाठी बायकामुलांसह जमलेल्या शेतकऱ्यांवर साल्वातोरे जुलिआनोच्या टोळीने डोंगरावरून गोळीबार केला. अकराजण मेले, त्यांत मुले होती. कोर्लिओनेत या लढ्याचा पुढारी होता प्लाचिदो रिझोत्तो. शेतकऱ्याचा मुलगा, युद्धात नाझींविरुद्ध लढलेला, समाजवादी पक्षाचा कार्यकर्ता आणि गावच्या कामगार-शेतकरी संघटनेचा चिटणीस. १० मार्च १९४८ च्या संध्याकाळी त्याला पळवून नेऊन ठार करण्यात आले आणि प्रेत रोक्का बुझाम्ब्राच्या डोंगरातील खोल कपारीत फेकून देण्यात आले. जुझेप्पे लेतित्सिया या तेरा वर्षांच्या मेंढपाळ मुलाने तो खून पाहिला असे सांगतात. तापाने बरळणाऱ्या त्या मुलाला गावच्या इस्पितळात नेले, तेथे इंजेक्शन दिल्यानंतर तो मेला. इस्पितळाचा प्रमुख डॉक्टर मिकेले नावार्रा हाच गावच्या माफियाचा म्होरक्या होता.

रिझोत्तोचा खुनी लुचानो लेज्जो त्या वेळी अवघा तेवीस वर्षांचा होता. एका इस्टेटीचा हत्यारबंद रखवालदार, नावार्राचा शिपाई. लुका ब्रासीचा खराखुरा नमुना पाहावयाचा असेल तर तो हा, आणि तोही खुद्द कोर्लिओनेचा. त्याच्या निष्ठेचे पुढे काय झाले? ऑगस्ट १९५८ मध्ये त्याच्या माणसांनी डॉक्टर नावार्राला मोटारीत गोळ्यांनी चाळणी करून मारले आणि गादी लेज्जोकडे आली. रिझोत्तोच्या खटल्यात आरोपींनी कबुलीजबाब फिरविले आणि पुराव्याअभावी सर्वजण सुटले. खाल्ल्या मिठाला जागणारा, मालकासाठी मुकाट मरणारा शिपाई हे डॉन लोकांचे स्वप्न आहे. प्रत्यक्षात त्यांना लेज्जो भेटतात.

मग कोर्लिओने म्हटल्यावर जगाला रिझोत्तो का आठवत नाही? याचे उत्तर बाजारात आहे, आणि ते देताना पुझोवर एकट्यावर राग काढणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या गरीब वस्तीत वाढलेल्या या लेखकाने १९६५ साली ‘द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम’ ही प्रामाणिक कादंबरी लिहिली. पोरांना वाढविण्यासाठी झिजणाऱ्या स्थलांतरित आईची ती कथा. समीक्षकांनी वाखाणली, लोकांनी घेतली नाही. कर्जात बुडालेल्या पुझोने पैशासाठी गुंडाची कथा लिहिली. एकाही खऱ्या गुंडाला आपण तोवर भेटलो नव्हतो हेही त्याने मोकळेपणाने सांगितले. राबणारी आई खपत नाही, तिचा पोरगा पिस्तूल घेऊन उभा राहिला की खपतो! मात्र १९८४ मध्ये त्याच पुझोने ‘द सिसिलियन’ लिहून मे दिनाच्या मेळाव्यावर गोळ्या झाडणाऱ्या जुलिआनोला रोमहर्षक नायक केले, तेव्हा त्याला कर्जाची सबब उरली नव्हती. याच विषयावर फ्रांचेस्को रोझी याने १९६२ साली काढलेल्या इटालियन चित्रपटात जुलिआनोचा चेहरा क्वचितच दिसतो; दिसते ते त्याचे प्रेत, मैदानात कोसळणारे शेतकरी आणि खटल्यातले खोटे. त्या चित्रपटाची पन्नाशी कोणी वाजतगाजत साजरी केली नाही.

आणखी एक तपशील सांगण्यासारखा आहे. ‘गॉडफादर’मध्ये ‘माफिया’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. जो कोलंबो नावाच्या टोळीप्रमुखाने १९७० साली इटालियन अमेरिकनांच्या नागरी हक्कांची एक संघटना काढली. तिच्या दडपणाखाली १९७१ मध्ये निर्मात्यांनी तो शब्द संहितेतून काढून टाकला. नागरी हक्कांची भाषा खुन्याच्या मालकाने वापरावी आणि ज्या इटालियन गोदी कामगाराचा जगण्याचा हक्कच हिरावला गेला, त्याची आठवणही कोणी काढू नये!

हे सारे दूर अमेरिकेचे आणि इटलीचे म्हणून सोडून देता आले असते. परंतु या कथेचे कलम मुंबईत १९७५ मध्येच लागले. फिरोझ खानच्या चित्रपटात डॉनचे नामकरणच ‘धर्मात्मा’ असे झाले. २००५ मध्ये तो ‘सरकार’ झाला. डॉनला धर्म आणि राज्य अशी दोन्ही बिरुदे मिळाली. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली बेकार पोरे टोळ्यांच्या आश्रयाला गेली, गोळ्या खाऊन मेली. ती या चित्रपटांत डॉनच्या मागे काळा चश्मा लावून उभी राहण्यापुरतीच येतात. त्यांना लुकासारखी आभाराची चार वाक्येही मिळालेली नाहीत.

रिझोत्तोची हाडे २००९ साली त्या कपारीत सापडली. २०१२ च्या मार्चमध्ये तपासणीने ती त्याचीच असल्याचे सिद्ध झाले आणि २४ मे २०१२ रोजी, खुनानंतर चौसष्ट वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष जोर्जो नापोलितानो यांच्या उपस्थितीत कोर्लिओनेत शासकीय इतमामाने त्याचा अंत्यविधी झाला. त्याच्यामागे कोर्लिओनेच्या शेतकऱ्यांचे काम हाती घेणारा पियो ला तोरे ३० एप्रिल १९८२ रोजी पालेर्मोत मारला गेला. त्याने मांडलेला, माफियाची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संमत झाला. १९९६ च्या दुसऱ्या कायद्याने त्या जमिनी समाजाच्या उपयोगासाठी देण्याची सोय केली. २००१ मध्ये सान जुझेप्पे यातो येथे, म्हणजे पोर्तेल्लाच्या मेळाव्याला ज्या गावांतून माणसे चालत गेली होती त्यांपैकी एका गावी, अशा जप्त जमिनी कसण्यासाठी एक सहकारी संस्था स्थापन झाली. तिच्या शेतांत गहू आणि द्राक्षे पिकतात. तिला नाव दिले आहे प्लाचिदो रिझोत्तोचे.